जेम्स बर्कली आणि बोरघाटाची रेल्वे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई–पुणे प्रवासात कर्जत सुटलं की डब्यात कोणीतरी हमखास विचारतं, "हे एवढं सगळं इंग्रजांनी कसं केलं असेल?" त्या प्रश्नाची ही बरीच पिल्लं. सोपे प्रश्न आधी घेतलेत, वादाचे नंतर. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जेम्स बर्कली नेमका कोण?

जेम्स जॉन बर्कली हा 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे', म्हणजे आपल्या जीआयपीचा पहिला मुख्य निवासी अभियंता. जन्म २१ ऑक्टोबर १८१९ चा, लंडनच्या हॉलोवे भागातला. शिक्षण किंग्ज कॉलेजात. १८३९ पासून तो रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झाला. हा रॉबर्ट म्हणजे वाफेच्या इंजिनासाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा. तो जीआयपीचा लंडनमधला सल्लागार अभियंता होता आणि त्याच्याच शिफारशीने १८४९ मध्ये बर्कलीची नेमणूक झाली. १८५० च्या सुरुवातीला बर्कली मुंबईत उतरला तेव्हा तो तिशीत होता आणि देशात प्रवासी रेल्वेचा एक मैलही नव्हता.

पुढची दहा-अकरा वर्षं त्याने मुंबई–ठाणे–कल्याण मार्ग, बोरघाट, थळघाट (आजचा कसारा घाट) आणि पलीकडच्या मुलखात जाणाऱ्या मार्गांची आखणी यांत घालवली. प्रकृती पार ढासळली म्हणून तो विलायतेला परतला आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी सिडनहॅमला वारला. वय ४२. बोरघाटातून गाडी जायला तेव्हा आठ महिने उरले होते.

पुढे लंडनमधून याच कंपनीचा सल्लागार झालेला जॉर्ज बर्कली वेगळा. नावसाधर्म्यामुळे दोघांची सरमिसळ होते.

२. मग रेल्वे आणली कोणी? नाना शंकरशेट यांनी, की बर्कलीने?

रेल्वे 'आणणं' आणि रेल्वे 'बांधणं' ही दोन निराळी कामं आहेत. पहिल्याचं श्रेय बर्कलीला देता येत नाही. मुंबईहून घाटावर लोहमार्ग न्यावा ही कल्पना १८४३ मध्ये जॉर्ज क्लार्क या अभियंत्याला भांडुपला गेला असताना सुचली, असं सांगितलं जातं. मुंबईत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८४५ मध्ये पुढाकार घेऊन संघटना उभी केली. लंडनमध्ये जॉन चॅपमनने भांडवलदार आणि ईस्ट इंडिया कंपनी यांचे उंबरे झिजवले. १८४९ मध्ये जीआयपीचा कायदा झाला आणि गुंतवणुकीवर ५ टक्के परताव्याची हमी मिळाली.

ही हमी लक्षात ठेवण्यासारखी आहे. नफा होवो न होवो, भागधारकाला ५ टक्के ठरलेले. कमी पडलं तर भर सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या पैशातून. त्यामुळे काटकसर करण्याची घाई कंपनीला फारशी नव्हती.

कागदावरची ही सगळी तयारी झाल्यावर बर्कली आला. नाना शंकरशेट यांचं श्रेय आणि बर्कलीचं श्रेय एकमेकांना छेद देत नाही.

३. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर–ठाणे गाडी ही भारतातली पहिली रेल्वे का?

पहिली *प्रवासी* रेल्वे. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्ये दगड वाहण्यासाठी रूळ होते. रुडकीजवळ सोलानीच्या जलसेतूच्या कामावर १८५१ च्या अखेरीस वाफेचं इंजिन माती ओढत होतं. खुद्द मुंबईतही १८५२ मध्ये भायखळ्याला 'फॉकलंड' नावाचं इंजिन बांधकामाच्या वॅगन हलवत होतं.

१६ एप्रिलला दुपारी साडेतीन वाजता २१ तोफांची सलामी झाली आणि १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं असा लवाजमा निघाला. अंतर २१ मैल, म्हणजे जेमतेम ३४ किलोमीटर.

४. मुंबई–ठाणे तर सपाट. त्यात इंजिनिअरिंग काय होतं?

पहिली कुदळ ३१ ऑक्टोबर १८५० रोजी सायनला पडली. सायनच्या पुढे तेव्हा दलदल होती. तिच्यात भराव टाकायचा तर तो खचत राहतो, आणि भरतीच्या पाण्याला वाटही ठेवावी लागते. त्या मानाने बाकीचा ठाण्यापर्यंतचा मार्ग सोपा.

खरी परीक्षा ठाण्याच्या पुढे होती. १ मे १८५४ ला कल्याणपर्यंत लाईन सुरू झाली. तिच्यासाठी ठाण्याच्या खाडीवर कमानींचे दोन लांब पूल बांधावे लागले आणि मुंब्र्याजवळ पारसिकच्या डोंगराच्या टोकाला दोन छोटे बोगदे फोडावे लागले.

५. पारसिकचा बोगदा बर्कलीचाच ना?

नाही. ज्या लांबलचक बोगद्यातून २०२२ पर्यंत फास्ट लोकल जात आणि आज लांब पल्ल्याच्या गाड्या जातात, तो सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा १९१६ चा, म्हणजे बर्कली गेल्यानंतर अर्ध्या शतकाने झालेला. बर्कलीची लाईन डोंगराला वळसा घालून मुंब्र्याकडून जाते. आजची स्लो लाईन साधारण त्याच वाटेने आहे. म्हणजे मुंब्र्याला उतरणारा रोज १८५४ च्या आखणीवरून प्रवास करतो आणि बोगद्यातली गाडी तिला टाळून पुढे निघते.

६. आपले रूळ इंग्लंडपेक्षा रुंद का? हा बर्कलीचा निर्णय का?

हा निर्णय त्याच्या वरच्या पातळीवरचा. इंग्लंडात ४ फूट साडेआठ इंच हे माप रुळलेलं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीला ६ फूट हवं होतं. तडजोड होऊन साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर ठरलं. बर्कलीला मात्र त्याची किंमत घाटात मोजावी लागली. रूळ रुंद म्हणजे बोगदाही रुंद आणि वळणही मोठं. काळ्या फत्तरात बोगदा हातभर जास्त कोरायचा म्हणजे काय, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

७. माळशेज, नाणेघाट, कुसूर असे इतके घाट असताना बोरघाटच का?

माझ्या मते बर्कलीचं सगळ्यात मोठं काम इथे आहे. पूल आणि बोगदे नंतर दुसऱ्यांनी त्याहून मोठे बांधले, पण आखणी त्याची आजही टिकून आहे.

सुरुवातीच्या विचारात माळशेजचंही नाव होतं. एकाच घाटाने वर चढायचं आणि मग एक फाटा पुण्याकडे, दुसरा खानदेशाकडे काढायचा, हा त्यातला मोह. बर्कलीने माणसं घेऊन सह्याद्रीचे कडे मोजले आणि दोन घाट सुचवले. दक्षिणेला बोरघाट, उत्तरेला थळघाट. दोन घाट म्हणजे दुप्पट खर्च हे उघड होतं, तरी तो अडून राहिला. माणूस किंवा बैल ज्या घाटाने चढतो तो घाट इंजिनाला चालेलच असं नाही. नाणेघाट हजारो वर्षं वाहता होता, पण तिथली चढण उभी आहे. इंजिनाला हवी डोंगराची लांब, सलग सोंड, जिच्या कुशीने हळूहळू चढत जाता येईल.

बोरघाटाला अशी सोंड उल्हास नदीच्या खोऱ्याच्या बाजूने मिळते. म्हणून रेल्वे खोपोलीकडून रस्त्याच्या शेजारून चढत नाही. ती पळसदरीहून डोंगराच्या दुसऱ्या अंगाने जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल करत खंडाळ्याला पोचते. हा फरक डोक्यात ठेवा, प्रश्न १३ ला लागणार आहे.

अजून एक पर्याय होता. उभ्या चढावर वर एक स्थिर इंजिन बसवायचं आणि दोरखंडाने गाडी ओढून घ्यायची. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये हे काही ठिकाणी चालू होतं. बर्कलीने रूळ एवढे सौम्य ठेवायचे ठरवले की गाडीला जोडलेलं इंजिन स्वतःच्या चाकांनी वर चढेल. दोरखंडावर चालणारा बोरघाट आजची वाहतूक पेलूच शकला नसता.

८. बोरघाटाचे आकडे काय आहेत? प्रत्येक ठिकाणी वेगळे वाचायला मिळतात.

मूळ आखणीचे आकडे असे. लांबी १५ मैल ६८ चेन (चेन म्हणजे मैलाचा ऐंशीवा भाग), म्हणजे सुमारे २५ किलोमीटर. एकूण चढ १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर. बोगदे २५, मोठे कमानी पूल ८. कापलेला कठीण दगड सुमारे ५.४ कोटी घनफूट. सरासरी चढ ४६ फुटांमागे १ फूट आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे १ फूट. काम सुरू झालं जानेवारी १८५६ मध्ये, उद्घाटन एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते.

आज खिडकीतून बोगदे मोजणाऱ्यांचा आकडा २५ शी जुळत नाही, कारण १९२९ च्या सुमारास मार्गाचा एक भाग बदलला (प्रश्न १०) आणि पुढे तिसरी लाईन आली. लहानपणी बोगद्यांच्या मोजणीवरून झालेली भांडणं त्यामुळे मिटण्यासारखी नाहीत.

९. डायनामाइट नव्हतं, मशीन नव्हतं. मग घाट फोडला कसा?

हाताने आणि काळ्या दारूने. डायनामाइटचं पेटंट १८६७ चं, घाट त्याआधी चार वर्षं चालू झालेला. एक माणूस पहार धरतो, दुसरा घण घालतो, प्रत्येक ठोक्याला पहार थोडी फिरवायची, असं करत फत्तरात भोक पाडायचं. मग दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्यात दिवसभर राबून बोगदा किती पुढे सरकत असेल ते ज्याने घरच्या विहिरीला सुरुंग लावताना पाहिलंय त्याला सांगायला नको.

त्यात एक जास्तीची अडचण होती. लांब बोगदा लवकर उरकायचा तर डोंगरावरून मधेच उभ्या विहिरी खणतात आणि खालून दोन्ही बाजूंना काम सुरू करतात. म्हणजे तोंडं वाढतात. बोरघाटात डोंगरच इतका उभा की बहुतेक ठिकाणी अशा विहिरी खणणं शक्य नव्हतं. दोनच तोंडं, दोन्हीकडून कोरत यायचं आणि आत भेटायचं. काही तोंडांपर्यंत जायला पायवाटही नव्हती. माणसांना दोरांनी कड्यावरून खाली सोडून आधी उभं राहण्यापुरती जागा फोडावी लागे.

आणि वर्षातले जेमतेम आठ महिने काम. मृगाचा पाऊस आला की घाटातलं उघड्यावरचं काम बंद.

१०. रिव्हर्सिंग स्टेशन म्हणजे काय? ते आता कुठे गेलं?

खंडाळ्याच्या अलीकडे सोंडेवर एक सपाट जागा होती. तिथे गाडी आत जायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढची चढण चढायची. मार्ग नकाशावर 'व्ही'च्या आकाराचा दिसायचा.

हे कशासाठी? सोंडेच्या टोकाला गाडी वळवण्याइतकी रुंदीच नव्हती. वळण घ्यायचं तर मोठा बोगदा किंवा प्रचंड पूल हवा, आणि त्या काळच्या साधनांत त्याला अजून कित्येक वर्षं लागली असती. दिशा उलटवून बर्कलीने ते टाळलं. शिवाय दमलेल्या इंजिनाला मधे सपाट जागा मिळाली.

काही जण याला बर्कलीची चूक म्हणतात. मला ते पटत नाही. १८६० च्या दशकातल्या छोट्या गाड्यांसाठी ती व्यवस्था पुरेशी होती. गाड्या लांब झाल्या, तेव्हा त्या सपाट तुकड्यात मावेनात आणि प्रत्येक गाडीमागे वेळ जाऊ लागला. १९२९ च्या सुमारास, विजेवरच्या गाड्या येण्याच्या तोंडावर, नवे मोठे बोगदे काढून रिव्हर्सिंग स्टेशन वगळण्यात आलं.

११. कर्जत–खोपोली लाईन कुठेच पुढे जात नाही. मग ती बांधली कशाला?

एके काळी ती शाखा नव्हती, मुख्य रस्ताच होता. घाटातलं काम सात वर्षं चालणार हे ठाऊक होतं, तोवर धंदा कशाला थांबवायचा? १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत आणली. वर खंडाळा–पुणे मार्ग १४ जून १८५८ ला सुरू केला. मधला घाट प्रवाशांनी पालखीत, तट्टावर किंवा गाडीरस्त्याने चढायचा. रस्ता होताच. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात तो चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला होता.

म्हणजे १८५८ ते १८६३ या काळात मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस खोपोलीला उतरे, सामानासकट घाट चढे आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे. घाट सुरू झाल्यावर खोपोलीचं महत्त्व गेलं आणि लाईन तेवढी राहिली.

१२. घाटाचं कंत्राट एका बाईने पूर्ण केलं हे खरं आहे का?

खरं आहे, आणि गोष्ट तपशिलात सांगण्यासारखी आहे.

बोरघाटाचं पहिलं कंत्राट विल्यम फेव्हिएलकडे होतं. मुंबई–ठाणे लाईन बांधणाऱ्या जोडीतला हा एक. घाटात मात्र त्याचं गणित कोसळलं. १८५९ च्या जानेवारीत खंडाळ्याच्या बाजूला मजुरांचा मोठा दंगा झाला. कारण साधं. वरचा कंत्राटदार पोटकंत्राटदाराला पैसे देतो, पोटकंत्राटदार मुकादमाला, आणि मजुराच्या हातात येईपर्यंत मजुरी गळून गेलेली किंवा महिनोन्‌महिने थकलेली. त्याच वर्षी मार्चमध्ये फेव्हिएलने कंत्राट सोडलं. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, मालक-मजूर यांच्या मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा झाला. मजुरांच्या दंग्यामुळे सरकारला कायदा करावा लागल्याचं हे इथलं एक जुनं उदाहरण.

मग कंत्राट सॉलोमन ट्रेडवेलला मिळालं. तो १८५९ च्या अखेरीस मुंबईत आला आणि काही आठवड्यांच्या आत आजाराने गेला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल बरोबर होती. परत जहाजात बसणं तिला सोपं होतं. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या दोन अभियंत्यांना कामावर नेमलं. जानेवारी १८६१ मध्ये घाटात ४२ हजारांहून अधिक माणसं राबत होती, ती तिच्याच कंत्राटाखाली. काम तडीस गेलं.

देशी कंत्राटदार नव्हतेच असंही समजू नका. जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थांनी जीआयपीची अनेक कंत्राटं घेऊन चोख पूर्ण केली. बर्कलीचा देशी कंत्राटदारांवर विश्वास होता, आणि त्या काळच्या गोऱ्या अभियंत्यासाठी ही बाब थोडकी नव्हती.

१३. शिंगरोबा धनगराने इंग्रजांना वाट दाखवली आणि त्यांनी त्याला गोळी घातली. यात तथ्य किती?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यावरून वादही सर्वांत जास्त होतात. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर खोपोलीच्या वरच्या अंगाला शिंगरोबाचं देऊळ आहे. ट्रकवाले, एसटीवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. गोष्ट अशी सांगतात की साहेबाला वाट सापडेना, शिंगरोबाने जनावरांमागून जाऊन ती दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं.

श्रद्धेबद्दल बोलणारा मी कोण? रेल्वेपुरतं बोलू. घाटातून वर जायची वाट इंग्रजांना बर्कलीच्या फार आधीपासून माहीत होती. १७७९ मध्ये वडगावला त्यांचा पराभव झाला, ते सैन्य याच घाटाने वर चढलं होतं. १८३० चा गाडीरस्ता तर वापरात होताच. त्याही आधी कार्ले-भाज्याची लेणी ज्या व्यापारी वाटेवर आहेत, ती वाट हीच, आणि राजमाची तिच्यावर नजर ठेवून उभा आहे. दुसरं म्हणजे देऊळ रस्त्यावर आहे आणि रेल्वे डोंगराच्या दुसऱ्या अंगाने चढते (प्रश्न ७). तिसरं, रेल्वेला 'वाट' नको होती, ३७ ला १ हून तीव्र नसलेली सलग चढण हवी होती. ती दुर्बिणीच्या यंत्राने आणि पातळी मोजूनच मिळते, जनावरांमागून जाऊन मिळत नाही.

पण याचा अर्थ डोंगरातल्या माणसांची मदत झालीच नाही असा कोणी काढू नये. कोणत्या ओढ्याला पावसात किती पाणी येतं, कोणता कडा दरवर्षी सुटतो, हे आठ महिन्यांच्या मोजणीत कळत नाही. ते धनगर-ठाकरांनाच ठाऊक असणार. त्यांची नावं अहवालांत आली नाहीत, आणि शिंगरोबाच्या गोष्टीत लोकांनी बहुधा तोच हिशेब चुकता केलाय.

१४. घाटात किती मजूर मेले?

२५ हजार हा आकडा सगळीकडे फिरतो. तो अंदाज आहे, हजेरीपटावरून मोजलेला नाही. सुरुंग, दरडी, कड्यावरून पडणं ही कारणं होतीच, पण सर्वांत जास्त माणसं गेली ती पटकीने आणि तापाने. हजारो माणसं बायकापोरांसकट झापांत राहतात, पिण्याचं पाणी आणि शौच एकाच ओढ्याला, म्हणजे एकदा पटकी शिरली की वस्ती रिकामी. माणसं मरत तशी पळूनही जात, आणि पळालेल्याची व मेलेल्याची नोंद वेगळी ठेवायला मुकादमाला सवड नव्हती.

दगडाचं आणि मातीचं काम मोठ्या प्रमाणात वडार समाजाने केलं. शिवाय कोकणातून आणि देशावरून शेतीचा हंगाम आटोपल्यावर आलेली कुणबी, महार आणि इतर जातींची माणसं होती. बर्कलीचं चरित्र लिहिताना या ओळी तळटीपेत जातात, हे मला खटकतं. आखणी त्याची, पण कातळाला घण लावणारा हात त्याचा नव्हता.

१५. बर्कलीची कामं इतकी पक्की, तर मग घाटातला पूल पडला कसा?

१८६७ च्या जुलैत मंकी हिलच्या परिसरातला एक मोठा कमानी पूल कोसळला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव 'म्हाऊ की मल्ली' असं येतं. ऐन पावसाळा होता. त्या सुमारास जीआयपीचे इतरही पूल दगा देऊ लागले होते आणि चौकशी झाली. दोष निघाला बांधणीत. बाहेरून घडीव दगडाचा देखणा चेहरा आणि पोटात निकृष्ट भराव, कमअस्सल चुना.

दोष कोणाचा? आखणी आणि नकाशे बर्कलीचे, बांधणी कंत्राटदाराची, देखरेख कंपनीची. देखरेखीची अंतिम जबाबदारी मुख्य अभियंत्यावर येते, तिथे त्याला सूट देता येणार नाही. पण १८५९ मध्ये कंत्राटदार बदलला, त्याच सुमारास बर्कलीची तब्येत खालावत होती, आणि शेवटच्या टप्प्यात तो घाटातच नव्हता. घाईत उरकलेल्या चुन्याच्या कामाला पावसाळा सोडत नाही. पूल नव्याने बांधून मार्ग पुन्हा चालू झाला.

१६. कसारा घाटही त्याचाच का?

हो, थळघाट म्हणजे आपला कसारा घाट. लांबी ९ मैल २६ चेन, चढ ९७२ फूट, बोगदे १३. १ जानेवारी १८६५ ला गाडी इगतपुरीला पोचली. इथला ऐहेगावचा पूल दरीच्या तळापासून १८० फुटांहून उंच आहे, बोरघाटातल्या कुठल्याही पुलापेक्षा नजरेत भरणारा. इथेही सुरुवातीला रिव्हर्सिंगची व्यवस्था होती, तीही नंतर काढली. तीव्रतम चढ इथेही ३७ ला १. कथा-कादंबऱ्या बोरघाटाच्या वाट्याला आल्या, मालवाहतुकीचा मोठा बोजा मात्र कसाऱ्याने उचलला. कोकणातून नागपूर आणि उत्तरेकडे जाणारं बरंचसं त्याच दाराने जातं.

१७. कर्जतला मागून इंजिन का लावतात? आता तर इंजिनं ताकदवान आहेत ना?

कारण चढ बर्कलीने ठरवला तेवढाच आहे. हिशेब सोपा आहे. ३७ ला १ चढावर प्रत्येक टनामागे नुसत्या गुरुत्वाकर्षणाशी झगडायला २७ किलोची ओढ लागते. सपाटीवर हळू धावताना तेवढ्याच टनाला चार-पाच किलो पुरते. १,२०० टनांची गाडी धरली तर ३२ टनांची ओढ केवळ चढासाठी. पुढच्या एकट्या इंजिनाची चाकं ओल्या रुळावर घसरतील, आणि नाही घसरली तरी सगळा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येईल. मागून ढकललं की तो वाटला जातो. ही मागची इंजिनं म्हणजे 'बँकर'. बँकर लागेपर्यंत फलाटावर वडापाव उरकतो, हा कर्जतचा फायदा. जुन्या माणसांना तपकिरी रंगाचं, सांधे असलेलं 'खेकडा' इंजिन आठवत असेल. ते १९२८ पासून घाटातल्या कामासाठी आलं होतं.

उतरताना धोका उलटा. ब्रेक निकामी झाला तर गाडी सुसाट सुटेल, म्हणून घाटात 'कॅच सायडिंग' आहेत. मुख्य मार्गाच्या बाजूला चढावर नेऊन संपवलेले हे रूळ. सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोडणी) नेहमी त्यांच्याकडेच वळवलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे दाखवल्यावरच मुख्य मार्ग मोकळा होतो. खंडाळ्यानंतर गाडी विनाकारण थांबली असं वाटतं ते बहुतेक वेळा यासाठी.

१८. सीएसएमटीची इमारतही बर्कलीने बांधली असं वाचलं.

चुकीचं आहे. ती फ्रेडरिक स्टीव्हन्सची, १८७८ ते १८८७ मधली. बर्कलीच्या काळात बोरीबंदरला साधं स्टेशन होतं.

१९. बर्कलीचं काम आज कुठे पाहता येईल? त्याचं स्मारक आहे का?

मुंबई विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीसाठी त्याच्या नावाचं सुवर्णपदक ठेवलं गेलं. १८६० मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेत त्याचा जीआयपीवरचा निबंध वाचला गेला होता. आकड्यांची आवड असलेल्यांनी तो जरूर वाचावा, कंटाळवाणा अजिबात नाही.

घाट पाहायचा तर पावसाळ्यात दिवसाच्या गाडीने जा. मुंबईहून येताना पळसदरी सोडली की दरी कोणत्या बाजूला येते याकडे लक्ष ठेवा. सोंड बदलली की दरी बाजू बदलते, आणि आखणी तिथे उलगडते. राजमाचीच्या किंवा खंडाळ्याच्या पॉइंटवरून सबंध मार्ग डोंगराला चिकटलेल्या रेघेसारखा दिसतो. रुळांवरून चालत बोगदे पाहायला मात्र जाऊ नका. समाजमाध्यमांवर तसले 'ट्रेक' फिरतात, पण रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं गुन्हा आहे, आणि बोगद्यात वळणावरून येणाऱ्या गाडीला बाजूला व्हायला जागाच नसते.